कोरडी चालवलेली होडी

लातूर नवा जिल्हा झाला आणि पुढच्या दोनतीन वर्षांतच आमच्या सरकारी यार्डात एक होडी येऊन पडली. जुन्या जिल्ह्यांना पुरासाठी होड्या होत्या, मग नव्या जिल्ह्यालाही एक पाहिजेच, असं वर कुठंतरी ठरलं असणार. जिल्ह्यात पाणी आहे का, हे कोणी विचारलं नाही. त्या साली मांजरेच्या पात्रातून बैलगाड्या जात होत्या, आणि ही पांढरीशुभ्र होडी ट्रकवर बसून भर उन्हात औसा रोडनं शहरात आली. चहाच्या टपरीवरची माणसं उठून बघायला लागली. एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "आधी पानी पाठवा म्हनावं, मग व्हडी!" सगळे हसले. मीही हसलो, कारण ती होडी माझ्याच गळ्यात पडणार आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मी औश्याचा. सरकारी नोकरीत लागायच्या आधी दहाबारा वर्षं तालुक्यातली डिझेल इंजिनं आणि विहिरीवरचे पंप दुरुस्त करत फिरलेला माणूस. माझा हात चांगला होता आणि ते मला जरा जास्तच माहीत होतं. लांबून इंजिनाचा आवाज ऐकून काय बिघडलंय ते सांगायचो. म्हणून साहेबांनी होडी माझ्या ताब्यात दिली.

या होडीला मागं पाण्यात फिरणारा पंखा नव्हता. तिला जेट म्हणायचे. पोटाखालच्या जाळीतून पाणी आत ओढायचं, आतल्या चक्रानं ते दाबायचं आणि मागच्या तोंडातून जोरात बाहेर फेकायचं. त्या फेकण्याच्या धक्क्यानं होडी पुढं पळते. मी खाली उताणा पडून सगळं न्याहाळलं आणि मला हसूच आलं. हात्तिच्या! हा तर आपला विहिरीवरचाच पंप, नुसता आडवा निजवलेला. जिंदगी याच्यात गेली आपली, हा काय सांगणार मला?

साहेबांचा हुकूम होता, दर सोमवारी इंजिन दहा मिनिटं चालवून बघायचं, म्हणजे ऐन वेळी दगा द्यायचं नाही. त्यासाठी टँकरमधून दोन ड्रम पाणी मिळायचं. एका ड्रममधलं पाणी नळीनं इंजिनात जायचं, इंजिन थंड करून परत त्याच ड्रममध्ये पडायचं. ते पाणी काही वाया जात नव्हतं, पुढच्या सोमवारी पुन्हा चालायचं. दुसरा ड्रम मागच्या जेटसाठी. त्याच्या दांड्याला शेवटाकडं एक रबराची बुशी, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ते नळकांडं, होती. तिला तेल नाही, ग्रीस नाही, पाणी हेच तिचं वंगण. इंजिन चालू झालं की दांडा फिरणारच, आणि तो फिरत असेपर्यंत तिच्यावर पाणी धरावं लागायचं, आणि ते सगळं पाणी मागच्या तोंडातून जमिनीवर सांडून मातीत जिरायचं. दर सोमवारी एक ड्रम.

यार्डाच्या मागं पत्र्यांची वस्ती होती. तिथली एक बाई, पन्नाशीची, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची. मी तिला आक्का म्हणायचो. येताजाता "जयभीम भाऊ" म्हणून दोन शब्द बोलल्याशिवाय ती पुढं जायची नाही. एका सोमवारी ती तारेच्या कुंपणापाशी उभी राहून जमिनीवर सांडणारं पाणी बघत होती. मी इंजिन बंद केलं तरी हलेना.

"भाऊ," ती म्हणाली, "ह्या व्हडीला लई तहान लागती का वो?"

मी म्हणालो, "सरकारी व्हडी हाय आक्का, तिचे लाड करावे लागतात."

ती हसली नाही. म्हणाली, "घरात बाळंतीण हाय. सून. आज पाचवा दिस. लेकराला न्हाऊ घालायला पानी न्हाई, आन् तुमी मातीला पाजताव."

पुढच्या सोमवारी मी दुसरा ड्रम कुंपणाच्या तारेपाशी सरकवला आणि तिला म्हणालो, घागरी घेऊन ये. ती, तिची नणंद, शेजारच्या दोघी अशा आल्या आणि पाच मिनिटांत ड्रम रिकामा झाला. त्यानंतर तो पायंडाच पडला. दर सोमवारी एक ड्रम इंजिनाला आणि एक आक्काच्या वस्तीला. जेट कोरडं फिरायचं.

मला माहीत नव्हतं असं म्हटलं तर ते खोटं होईल. होडीबरोबर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं होतं. त्यात एका पानावर जेटचं चित्र आणि त्यावर लाल फुली होती. ते पान मी ऑफिसातल्या कारकुनाकडं नेलं होतं. त्यानं चष्मा वर करून वाचलं, "पाण्याशिवाय अजिबात फिरवू नये, असं लिहिलंय मिस्त्री."

मी म्हणालो, "लिहिणाऱ्यानं आमच्या विहिरी पाहिल्या नाहीत."

आणि त्यात माझ्या मते चूक काहीच नव्हतं. आमच्याकडं दुष्काळात पंप कोरडे फिरतातच की. विहिरीत घोटभर पाणी साचतं, तेवढं ओढलं की पंप नुसता भणभणतो, मग माणूस विडी पेटवून झरा भरायची वाट बघत बसतो. कोणी बंद करतं का मधी? फार तर गळती थांबवणारा दोरा जळतो. नवा दोरा भरला की झालं. माझ्या हातून असे शेकडो दोरे भरून झाले होते. एका रबराच्या बुशीला मी काय भ्यायचो!

शिवाय इंजिन सुरेख वाजत होतं. दर सोमवारी एका हाकेत चालू व्हायचं आणि मी वहीत लिहायचो, "तपासले, ठीक आहे." दोन वर्षं लिहिलं. साहेब खूश आणि आक्काची वस्तीही खूश. मी तर सगळ्यांत खूश होतो, कारण जन्मात पहिल्यांदा सरकारी नियम वाकवून कोणाचं तरी भलं केलं होतं.

तिसऱ्या साली पाऊस आला तो वेड्यासारखा. लातूरला ठीकच होता, पण तिकडं नांदेडला गोदावरी फुगली आणि वरच्या धरणांतून पाणी सोडल्यावर काठ सोडून शेतांत शिरली. सकाळी सातला साहेबांनी मला घरून बोलावलं. नांदेडच्या होड्या पंख्याच्या. पाण्याखाली बुडालेली बाभळीची झुडपं आणि कुंपणाच्या तारा पंख्यात गुंतून त्यातली एक होडी मोडली होती, दुसरी दुसरीकडं अडकली होती. जेटच्या होडीला तारांची भीती कमी. म्हणून लातूरची होडी पाहिजे होती. "मिस्त्री, तुमच्या होडीचं नशीब उघडलं," साहेब म्हणाले. माझी छाती फुगली. खोटं कशाला बोलू, अहमदपूर, लोहा करत जाताना ट्रकमधून मी मागं वळून वळून होडीकडं बघत होतो.

मुदखेडच्या बाजूला गोदाकाठी एक गाव होतं. तिथं पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. गावाच्या पुढं सगळं लाल पाणीच पाणी, आणि त्या पाण्यात अर्ध्या मैलावर एक पाण्याच्या मोटारीची खोली दिसत होती. चार भिंती, वर स्लॅब. स्लॅबवर दोन माणसं. एक उभी, एक बसलेली.

काठावर चाळिशीचा एक माणूस उभा होता. ती खोली त्याचीच. वरची उभी होती ती त्याची बायको आणि बसलेली त्याची आई. दुष्काळात नदी आत आत सरकत गेली तशी त्यानंही मोटार आत आत नेली होती आणि शेवटी तिथं, जवळजवळ पात्रातच, खोली बांधली होती. तो आदल्या दिवशी धर्माबादच्या बाजारात गेलेला. पहाटे पाणी वाढतंय म्हणून सासूसुना मोटार सोडवून आणायला गेल्या आणि दोन्ही बाजूंनी पाणी फिरलं.

"दोघी हाईत," तो मला म्हणाला. "मिस्त्री, बघा, दोघी दिसून राहिल्या. लवकर करा."

होडी हाकायला गावातलाच एक भोई होता. साठीचा, नदीचं पाणी पिऊन वाढलेला. सगळे त्याला मामा म्हणत. होडी पाण्यात ढकलली, मी किल्ली फिरवली. एका हाकेत चालू! काठावरच्या माणसांनी आरोळी ठोकली. मामानं वेगाची मूठ पुढं दाबली, इंजिन गर्जायला लागलं, होडी थरथरली, आणि जागची हलेना. मागून नुसता फेस येत होता. धार अशी नव्हतीच. बघता बघता प्रवाहानं आम्हाला खाली ओढायला सुरुवात केली, ते बरं की काठाशी दोर बांधलेला होता. माणसांनी ओढून परत घेतलं.

पहिल्यांदा जाळी बघितली. पुराच्या पाण्यात कडबा, गवत, चिंध्या, काय नाही? खालच्या झाकणातून हात घालून मी ओंजळीओंजळीनं कडब्याची ताटं बाहेर काढली. हे तर ठरलेलंच, विहिरीतल्या पंपाच्या तोंडाशी पाला अडकतो तसं. पुन्हा चालू केलं. थोडा फरक पडला, पण धार धरत नव्हती. मग म्हटलं, कुठून तरी हवा ओढत असेल. झाकणाच्या कडेला माती लिंपली, पुन्हा आवळलं. तेच.

"दोघी हाईत," काठावरून तो माणूस म्हणाला.

आणि इथून पुढं मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. मी इंजिन उघडलं. डिझेलची जाळी धुतली, पाइपातली हवा काढली, हवेचं फिल्टर झटकलं. एकेक नट सोडला, पुसला आणि लावला. दीड तास गेला. मामा बघत बसला होता. शेवटी म्हणाला, "मिस्त्री, इंजिन दमलेलं न्हाई. ते पळून राहिलं. पानीच ढकलून न्हाई राहिलं ते. तुमी फुडंच काहून खुडबुड करून राहिले?"

मी त्याच्यावर ओरडलो. "तुम्हाला इंजिनातलं काय कळतं मामा? मला माझं काम करू द्या!"

खरं तर पहिल्या फेसाबरोबरच मला कळलं होतं कुठं बघायचं ते. म्हणूनच तिथं बघत नव्हतो. इंजिन माझं निर्दोष होतं आणि त्याच्यातच दोष सापडावा म्हणून मी आतून देवाला हात जोडत होतो. तिकडं दोन बायका पाण्यात आणि इकडं मी माझी अब्रू वाचवत होतो. याला माणूस म्हणायचं?

शेवटी म्हणालो, होडी वर ओढा. वीसपंचवीस जणांनी दोर लावून ती काठावर घेतली. मागचं तोंड सोडवलं आणि दांड्याला हात लावला. दांडा वर खाली हलला, सैल दातासारखा. बुशीतून रबर काढायला बोट घातलं तर हाताला काळा चुरा लागला. जळून कोळसा झालेलं. आधार गेल्यामुळं दांडा लचकत फिरला होता आणि चक्रानं भोवतालचं कडं घासून खाल्लं होतं. नखाएवढी फट पाहिजे तिथं आता बोट जात होतं. आत ओढलेलं पाणी पुढं जायच्या ऐवजी त्या फटीतून मागं पळत होतं.

मामा वाकून बघत होता. "हे कशानं झालं वो?"

"कोरडं फिरलं," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं बघितलं, पण कोणी फिरवलं हे विचारलं नाही.

"दोघी हाईत मिस्त्री," मागून आवाज आला. तो आता पाण्यात गुडघ्यापर्यंत जाऊन उभा होता. "पानी स्लॅबला टेकलं. पण दोघी हाईत."

नवी बुशी कुठून आणणार? मुंबईहून यायला महिना लागला असता. मी म्हणालो, मला टायरचं जाड रबर पाहिजे. तो माणूस पळत गेला. त्याची टायरगाडी वेशीत उभी होती. त्यानं तिचं चाक काढून आणलं आणि विळ्यानं स्वतःच टायर कापायला बसला. हात कापला तरी थांबला नाही. मी रबराच्या बोटभर रुंद पट्ट्या करून बुशीच्या नळकांड्यात एकीशेजारी एक ठोकून बसवल्या, मधे पाण्यासाठी फटी ठेवल्या. कानशीनं घासून दांडा बसेल एवढी जागा केली. झिजलेल्या कड्याचं काही करता येण्यासारखं नव्हतं. हात चालत होते आणि कानात एकच आवाज, "दोघी हाईत." दर पाचसात मिनिटांनी तो ते म्हणायचा. मला की स्वतःला, कोण जाणे. मी मान वर करून बघत नव्हतो. तो म्हणतोय ना, मग आहेत.

शेवटचे नट आवळताना माझ्या लक्षात आलं की बराच वेळ तो काही बोललेला नाही.

मी विचारलं नाही. मामानंही विचारलं नाही. त्या माणसाकडं बघायची माझी छाती झाली नाही. तो तसाच गुडघाभर पाण्यात उभा होता.

होडीत आता निम्मा जोर आला होता. सरळ प्रवाह कापून जाणं तिला शक्य नव्हतं. मामा म्हणाला, तिला काठाकाठानं वर ओढत नेऊ, पुष्कळ वर, आणि तिथून सोडू. नदी खाली नेईल आणि इंजिन तिरकं नेईल, दोघं मिळून खोलीपाशी आणतील. गावातली माणसं छातीभर पाण्यातून होडी ओढत वर घेऊन गेली. तिथून आम्ही दोघं निघालो. मी मागं बसून एक हात जेटच्या झाकणावर ठेवला होता. आत दांडा खडखडत होता आणि मी त्याला म्हणत होतो, बाबा रे, एवढी फेरी कर. आयुष्यात मी देवाकडंसुद्धा असं काही मागितलं नव्हतं.

मामानं होडी अचूक आणली. स्लॅबवर वीतभर पाणी फिरत होतं. बाई मोटारीचा लोखंडी पाइप दोन्ही हातांनी कवटाळून उभी होती. एकटीच. पाइपाला एक लुगडं बांधलेलं होतं आणि त्याचं दुसरं टोक पाण्यात लोंबत होतं. सासूला तिनं त्याच लुगड्यानं बांधून ठेवलं होतं.

मामानं तिला उचलून आत घेतलं. तिची बोटं पाइपापासून एकेक करून सोडवावी लागली. ती रडत नव्हती. होडीच्या तळाशी बसली आणि बराच वेळ माझ्या काळ्या हातांकडं बघत राहिली. आम्ही परत वळलो. इंजिन पूर्ण दाबून चालवावं लागत होतं, त्याशिवाय होडी काठ धरत नव्हती.

काही वाईट झालं की लोक म्हणतात, नशिबात होतं. मामा तेच म्हणाला. गावही तेच म्हणालं आणि साहेबांनी कागदावरही तसंच काहीसं लिहिलं. आक्काला मी काही सांगितलं नाही. लातूरला परतल्यावर ती कुंपणापाशी आली आणि कौतुकानं म्हणाली, "आपल्या व्हडीनं मानूस वाचवलं म्हनं!" मी "हाव आक्का" म्हणालो. तिच्या सुनेचं लेकरू तिच्या कडेवर होतं, दोन वर्षांचं, टुणटुणीत. त्या पाण्याबद्दल मला कधीच पस्तावा झाला नाही. पाणी देऊन इंजिनही बंद ठेवायला पाहिजे होतं, आणि साहेबांना तोंडावर सांगायला पाहिजे होतं की पाणी नाही, होडी चालवत नाही. तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. ती असती तर दोघी असत्या.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी होडीत, काठ शंभर हातांवर आला तेव्हा, ती बाई पहिल्यांदा बोलली. माझ्याकडं वाकून, जीव एकवटून ओरडली, कारण इंजिनापुढं साधं बोलणं ऐकूच येत नव्हतं.

"भाऊ, इंजिनाचा आवाज तर दुपारपासून येऊन राहिला होता! आत्या म्हनून राहिल्या होत्या, आले बघ, आले. मंग यायला एवढा येळ काहून लागला?"

काठावर तिचा नवरा दिसत होता. मी तिच्याकडं बघून म्हणालो, "माझ्यामुळं, ताई. माझी चूक झाली."

इंजिनाच्या आवाजात तिला ते ऐकू गेलं नाही. तिनं कानाला हात लावून विचारलं, "काय म्हनले?"

मी म्हणालो, "काही नाही. घट्ट धरून बसा."